ओपनरिफाइन : एकाच नावाची अनेक रूपे जुळवणारे साधन, सिकलसेलच्या नोंदवहीवर वापरून पाहिल्यावर

उत्तर नागपुरातील आमच्या स्वयंसेवी गटाची सिकलसेल तपासणीची नोंदवही मी सांभाळते. बँकेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर हे काम हाती घेतले, तेव्हा खातेवही आणि ही नोंदवही यांत फारसा फरक नसावा असे वाटले होते. पण खात्याला क्रमांक असतो, आणि शिबिरात आलेल्या माणसाकडे बहुतेक वेळा केवळ नाव असते, तेही सांगणाऱ्याच्या तोंडचे आणि लिहिणाऱ्याच्या कानाने टिपलेले. पूर्व विदर्भात या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे असल्याने वस्त्यावस्त्यांत शिबिरे होतात. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाल्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या याद्याही वाढल्या. एकच मुलगी इंदोऱ्याच्या शिबिरात एका नावाने, कामठीच्या शिबिरात जरा वेगळ्या नावाने आणि रुग्णालयाच्या इंग्रजी यादीत तिसऱ्याच नावाने नोंदली जाते. तिन्ही ठिकाणी तिच्या तपासणीचा निकाल लिहिलेला असतो, पण त्या तीन ओळी एकाच मुलीच्या आहेत हे कागदावरून कळत नाही. अशा ओळी शोधून काढण्यासाठी आम्ही गेले दीड वर्ष ओपनरिफाइन हे साधन वापरत आहोत. मराठी नावांच्या मोठ्या याद्या पतसंस्था, वाचनालये आणि शाळा यांच्याकडेही असतात, म्हणून त्याचे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

साधन विनामूल्य आहे. २०१० मध्ये मेटावेब या कंपनीत ते फ्रीबेस ग्रिडवर्क्स या नावाने तयार झाले, त्याच वर्षी गूगलने ती कंपनी घेतल्यावर त्याचे नाव गूगल रिफाइन झाले, आणि २०१२ मध्ये गूगलने हात काढून घेतल्यापासून ते ओपनरिफाइन या नावाने मुक्त प्रकल्प म्हणून चालू आहे. ते ब्राउझरच्या खिडकीत उघडते, तरी काम आपल्याच संगणकावर चालते आणि यादी बाहेर कुठेही जात नाही. आमच्यासाठी ही पहिली अट होती, कारण कोणत्या घरातील मुलगी वाहक आहे, म्हणजे स्वतः आजारी नसली तरी आजार मुलांकडे जाऊ शकतो, ही माहिती लग्नाच्या वयात तिच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. इंटरनेट बंद ठेवूनही काम अडत नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी तार काढून पाहिले.

या साधनाकडे वळण्याआधी काय घडले ते सांगणे आवश्यक आहे. पूर्वी आम्ही एका व्यावसायिकाकडून नोंदींचा छोटा प्रोग्राम करून घेतला होता. दोन पूर्ण नावांतील साम्य नव्वद टक्क्यांच्या वर गेले की तो दोन ओळींची एक ओळ करून टाकत असे, आणि ही सोय आहे असे आम्हांला सांगण्यात आले होते. आमच्या यादीत दोन सख्ख्या बहिणी होत्या. नावे बदलून सांगायचे तर सविता महादेव उइके आणि सरिता महादेव उइके. गाव एक, वडिलांचे नाव एक, आडनाव एक, वयात दोन वर्षांचे अंतर. संगणकाच्या दृष्टीने या दोन नावांत सतरा चिन्हे आहेत, मोकळ्या जागाही त्यांत आल्या, आणि त्यांपैकी सोळा सारखी आहेत. म्हणजे साम्य चौऱ्याण्णव टक्के. प्रोग्रामने दोघींची एक मुलगी केली आणि आधी नोंदलेल्या बहिणीचा निकाल ठेवला. ती वाहक होती. दुसरी, धाकटी, एसएस पॅटर्नची, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेली होती. तिला फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया ही औषधे सुरू होती, आणि पाठपुराव्याच्या यादीतून तिचे नाव नाहीसे झाले. दोघी एकत्र आल्या म्हणून आमच्या कार्यकर्तीच्या लक्षात आले. एकटी धाकटी आली असती तर तुझी नोंद वाहक म्हणून आहे, एवढेच तिला सांगितले गेले असते.

ही चूक टक्केवारी मोजण्याच्या पद्धतीतच आहे. मराठी नावात मधले नाव आणि आडनाव घराण्याचे असते, त्यामुळे पूर्ण नावांची तुलना केली की भावंडे एकमेकांसारखीच दिसणार. वडिलांचे नाव जितके लांब, तितके भावंडांचे साम्य अधिक. ज्या अंशाने माणूस ओळखायचा तो पहिला शब्द, आणि नेमके त्याचेच वजन या हिशोबात कमी पडते. म्हणून ओपनरिफाइनमध्ये यादी घेतल्यावर आम्ही पहिले काम केले ते पूर्ण नावाचे तीन रकाने करण्याचे. हे काम साधन एका आज्ञेत करते. आडनाव आधी लिहिण्याची सरकारी रीत आणि नाव आधी लिहिण्याची बोलण्यातली रीत यांची सरमिसळ मात्र हाताने निस्तरावी लागली.

नावे जुळवण्याच्या पद्धती या साधनात दोन गटांत दिलेल्या आहेत. पहिल्या गटातल्या पद्धती प्रत्येक शब्दापासून ठरावीक नियमाने एक किल्ली तयार करतात आणि ज्यांची किल्ली एक त्यांना एका पुंजक्यात ठेवतात. दुसऱ्या गटातल्या पद्धती दोन शब्दांमधले अंतर मोजतात. पुंजका समोर आला की त्यात कोणती रूपे आहेत, प्रत्येक रूप किती ओळींत आले आहे हे दिसते, आणि शेजारी एकत्र करण्याचा चौकोन असतो. तो चौकोन मोकळा असतो. आपण खूण केल्याशिवाय काहीही बदलत नाही. या एका गोष्टीमुळे हे साधन मला विश्वासाचे वाटले. पुंजक्यातून थेट त्या मूळ ओळींकडे जाता येते, म्हणजे वय, गाव, मोबाइल क्रमांक डोळ्यांसमोर ठेवून निर्णय घेता येतो. घेतलेला निर्णय मागे फिरवण्याची सोयही पूर्ण आहे: पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक कृती क्रमाने नोंदलेली राहते आणि हव्या त्या पायरीवर परत जाता येते.

किल्लीच्या पद्धतींपैकी सगळ्यांत साधी म्हणजे फिंगरप्रिंट. ती नावातील विरामचिन्हे आणि फालतू मोकळ्या जागा काढते, शब्द सुटे करते, क्रमाने लावते आणि पुन्हा जोडते. त्यामुळे 'मेश्राम सुनीता रमेश' आणि 'सुनीता रमेश मेश्राम' लगेच एकत्र येतात. सरकारी यादी आणि शिबिराची यादी यांच्यातला निम्मा घोळ या एका पद्धतीने समोर मांडला. पण आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आहे. गणपत महादेव वानखेडे यांच्या मुलाचे नाव महादेव गणपत वानखेडे असते, आणि शब्द क्रमाने लावले की बाप-लेकाची किल्ली एकच होते. असे पुंजके आमच्या यादीत एकाहून अधिक निघाले. वयाचा रकाना शेजारी नसता तर ते आमच्याही नजरेतून सुटले असते.

उच्चारावर चालणाऱ्या पद्धतींविषयी जरा थांबून लिहिते, कारण या पद्धतींचे नाव ऐकून पुष्कळांची अशी समजूत होते की उच्चार सारखा असलेली सगळी नावे त्या जुळवतात. या सगळ्यांचा मूळपुरुष साउंडेक्स. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. नियम असा की नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, पुढचे स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय ही अक्षरे सोडून द्यायची, सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा आणि एक अक्षर व तीन आकड्यांवर थांबायचे. ओपनरिफाइनमध्ये हा संकेत सूत्र लिहून काढता येतो. पुंजक्यांच्या यादीत मेटाफोन ३, जर्मन नावांसाठीची कोलोन पद्धत, पूर्व युरोपातील ज्यू आडनावांसाठीची डाइच-मोकोटॉफ अशा पुढच्या पिढीच्या पद्धती आहेत. यांतली एकही देवनागरीसाठी किंवा मराठीसाठी केलेली नाही. रुग्णालयाची यादी इंग्रजी लिपीत असल्याने आम्ही तिच्यावर साउंडेक्स लावून पाहिले, आणि जे निघाले ते विदर्भातल्या कोणत्याही माणसाला चटकन उमगेल असे आहे. मेश्राम या आडनावाचा संकेत निघाला एम २६५. मसराम या आडनावाचाही निघाला एम २६५. ही दोन निरनिराळी आडनावे आहेत, निरनिराळ्या समाजांत आढळणारी. त्यांना एक मानणे म्हणजे दोन कुळे एक करणे. उलट वानखेडे हे आडनाव कोणी डब्ल्यूने लिहिते आणि कोणी व्हीने, आणि पहिले अक्षर तसेच ठेवण्याच्या नियमामुळे एकाच घरातल्या दोघांचे संकेत डब्ल्यू ५२३ आणि व्ही ५२३ असे वेगळे पडले. ज्यांना दूर ठेवायचे त्यांना पद्धतीने जवळ आणले आणि जे एक आहेत त्यांना वेगळे केले.

पहिल्या अक्षराचा हा नियम आमच्या भागात आणखी एका कारणाने घातक ठरतो. वऱ्हाडी आणि नागपुरी बोलीत शब्दाच्या आरंभीचा वि किंवा वी पुष्कळदा इ, ई होतो. विहिरीची इहीर होते, वेळेची येळ होते. सासूने सुनेचे नाव सांगितले 'इमल', शिबिरातल्या मुलीने तेच लिहिले, आणि आधार कार्डावर ती विमल आहे. साउंडेक्सच्या दृष्टीने या दोघी कधीही एकमेकींना भेटणार नाहीत. आपल्या बोलीत नेमके पहिले अक्षर बदलते, हे त्या पद्धतीच्या कर्त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. ते आपल्याला माहीत आहे, म्हणून ती दुरुस्ती आपण केली पाहिजे.

दुसरा गट अंतर मोजणाऱ्या पद्धतींचा. त्यात रशियन गणिती व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेले अंतर प्रमुख आहे: एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यासाठी किती चिन्हे घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ती संख्या म्हणजे अंतर. त्याच्या आदल्या वर्षी फ्रेडरिक डॅमेरॉ यांनी दाखवले होते की टंकलेखनातल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक चुका एका अक्षराच्या असतात: एक अधिक, एक उणे, एक बदललेले, किंवा शेजारच्या दोघांची अदलाबदल. म्हणून एका पावलाचे अंतर पाहावे हा विचार पक्का आहे, आणि देवनागरीत ही पद्धत चालतेही, कारण तिला कोणतीही भाषा यावी लागत नाही.

मात्र तिच्या लेखी सगळी पावले सारखी आहेत, आणि मराठीत ती सारखी नाहीत. सुनीता आणि सुनिता यांत एक पाऊल आहे, पण ते ऱ्हस्व-दीर्घाचे. शिबिरात उभ्याने लिहिणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्याला काहीच अर्थ नाही. सविता आणि सरिता यांतही एकच पाऊल आहे, आणि त्या पावलाने माणूस बदलतो. वनिता आणि अनिता यांचेही तेच. संगणकाने दिलेला आकडा दोन्ही ठिकाणी एक. माझ्या मते या साधनाविषयी, किंबहुना अशा कोणत्याही साधनाविषयी, मराठी वापरकर्त्याने पहिल्यांदा समजून घ्यायची गोष्ट हीच आहे. कोणते पाऊल हलके आणि कोणते जड, हे भाषा ठरवते.

दुसरी अडचण मोजणीच्या एककाची आहे. 'मेश्राम' हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. संगणकाकडे त्याची सात चिन्हे आहेत: म, मात्रा, श, पाय मोडल्याचे चिन्ह, र, काना, म. 'खोब्रागडे' आणि 'खोबरागडे' यांत आपल्याला जोडाक्षराचा ठळक फरक दिसतो, संगणकाला मात्र पाय मोडल्याचे एकच चिन्ह कमी दिसते. इथे साधनाची मोजणी आपल्या फायद्याची ठरली. 'कुंभारे' आणि 'कुम्भारे' यांत ती तोट्याची ठरली, कारण अनुस्वाराच्या जागी म आणि पायमोड अशी दोन चिन्हे आली आणि अंतर दोन झाले, जरी वाचणाऱ्याला त्यात काहीच फरक वाटत नाही.

याहून त्रासदायक म्हणजे डोळ्यांना न दिसणारे फरक. 'ॲ' हे अक्षर एक चिन्ह म्हणून टंकता येते, तसेच अ आणि त्यावर चंद्र अशा दोन चिन्हांनीही टंकता येते. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला वेगळी. 'कऱ्हाडे' मधला आडवा र दोन तऱ्हांनी साठवला जातो, त्यातल्या एकीत न दिसणारे जोडणीचे चिन्ह दडलेले असते. हिंदी कळफलकावरून आलेल्या याद्यांत ड खाली टिंब असते. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, आणलेल्या याद्यांत कधी ऱ्हस्व वेलांटी शब्दाच्या आरंभी एकटीच लोंबकळत राहिलेली असते, कारण त्या फाँटमध्ये ती अक्षराच्या आधी टंकली जाई आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. खोब्रागडे या एका आडनावाची आमच्याकडे सात रूपे निघाली, आणि त्यांतली दोन रूपे मी भिंग घेऊन पाहिली असती तरी मला वेगळी दिसली नसती. एकाच्या शेवटी केवळ मोकळी जागा होती. ओपनरिफाइन रकान्यातली सगळी निरनिराळी रूपे मोजून एका बाजूला मांडते, आणि तेवढ्यानेही असा छुपा माल उघड होतो. पुंजक्यांच्या पद्धती वापरण्याआधी निदान हे तरी प्रत्येकाने करावे.

नागपुरात हा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा असण्याला इतिहास आहे. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते, कारभारात हिंदी, मराठी आणि इंग्रजी तिन्ही भाषा चालत. आजही घराघरांत शाळेचा दाखला एका भाषेत आणि शिधापत्रिका दुसऱ्या भाषेत असते. शहराच्या स्वतःच्या नावाचीच दोन रूपे आहेत: मराठी लेखनाच्या नियमाप्रमाणे गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ, म्हणून नागपूर, आणि हिंदीत नागपुर. भिवापूरचेही तसेच. मराठीत विभक्ती लागली की तोच पूर ऱ्हस्व होतो, नागपुरात, भिवापुरातून. म्हणजे शुद्ध लिहिणाऱ्याच्या हातूनही दोन रूपे येतात. पारशिवनीची पारसिवनी, गजभिये यांचे गजभिए, काळे यांचे काले. यांतली कोणतीही चूक नाही, प्रत्येक रूप कोणत्या ना कोणत्या रीतीला धरूनच आहे.

या सर्वांवर आम्ही काढलेला मार्ग असा. ओपनरिफाइनमध्ये एका रकान्यावरून नवा रकाना काढता येतो आणि तो काढताना बदल करण्याच्या आज्ञा देता येतात. मूळ नावाला हात न लावता आम्ही शेजारी एक रकाना केला. आमच्याकडे त्याला 'कानाचा रकाना' म्हणतात. त्यात दीर्घ वेलांटी-उकार ऱ्हस्व केले, ड खालचे टिंब काढले, पवर्गाआधीचा म् आणि तवर्गाआधीचा न् अनुस्वारात बदलला, श आणि ष यांचा स केला, ण चा न, ळ चा ल केला, पाय मोडल्याचे चिन्ह काढले, नावाच्या आरंभीच्या वि, वी यांचा इ आणि वे चा ये केला, शेवटचे बाई, ताई, राव काढले. मग रुक्मिणी, रुक्मिणीबाई, रुक्मीनी ही सगळी एका जागी आली, आणि विमल व इमल यांची पहिल्यांदा गाठ पडली. हे लिहायला मला दोन दुपारी लागल्या. मी प्रोग्रामर नाही. 'याच्या जागी ते' अशा आज्ञांची साखळी एवढेच त्याचे स्वरूप आहे. ही साखळी साधनातून काढून ठेवता येते आणि नवी यादी आली की तशीच लावता येते. बाजारातल्या महागड्या प्रोग्रामपेक्षा मला ही सोय जास्त मोलाची वाटते, कारण नियम आपले असतात आणि ते उघडे असतात.

पण आपले नियमही तपासून घ्यावे लागतात, आणि याचा धडा मला मसराम-मेश्राम यांनीच दिला. मूळ रूपांत या दोन आडनावांमध्ये तीन पावलांचे अंतर आहे, म्हणजे एका पावलाच्या शोधात ती कधीच एकत्र आली नसती. माझ्या रकान्यात श चा स झाला, पायमोड गेला, आणि मेसराम व मसराम यांत एकच पाऊल उरले. जो धोका साउंडेक्समध्ये मी दाखवला, तोच माझ्या नियमांनी परत आणला होता. तेव्हापासून आम्ही 'कधीही एकत्र करू नये' अशा जोड्यांचा कागद भिंतीवर लावला आहे. त्यात मसराम-मेश्राम आहेत, सविता-सरिता आणि वनिता-अनिता आहेत, आणि वानखेडे-वानखडे हेही आहेत, कारण त्यांच्यापैकी काही घरे आपण वेगळे असे आग्रहाने सांगतात आणि तो आग्रह आम्ही मानतो. असा नकाराचा कागद साधनाच्या आतच ठेवण्याची सोय असती तर बरे झाले असते. पुंजके पुन्हा काढले की नाकारलेल्या जोड्या पुन्हा समोर येतात.

वापरताना कळलेल्या काही गोष्टी थोडक्यात. अंतराची पद्धत वेग साधण्यासाठी केवळ अशाच शब्दांची तुलना करते ज्यांच्यात काही सलग चिन्हे समान आहेत, आणि हा आकडा सुरुवातीला सहा असतो. 'अनिता' हे नावच पाच चिन्हांचे आहे. आकडा तीनवर आणल्याशिवाय मराठी पहिल्या नावांवर ही पद्धत हवा तसा शोध घेत नाही. आडनावांना एका पावलाची मर्यादा ठेवावी. दोन पावले केली की पुंजके फुगतात आणि निम्म्याहून अधिक पुंजके नुसते वाचून नाकारण्यात वेळ जातो. पीपीएम नावाची दुसरी पद्धत लांब मजकुरासाठी आहे, पत्त्यांच्या रकान्यावर ती थोडीफार उपयोगी पडली, नावांवर नाही.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. ओपनरिफाइन शब्दांची रूपे एकसारखी करते. दोन ओळींची एक ओळ करत नाही. सुनिताची सुनीता झाली तरी त्या नावाच्या दोन ओळी दोनच राहतात, आणि त्या एकाच बाईच्या आहेत की नाही हे ठरवण्याचे काम पुढे उरते. ज्यांच्याकडे लाखांच्या संख्येने नोंदी आहेत त्यांना यासाठी वेगळी साधने लागतील. १९६९ मध्ये इव्हान फेलेगी आणि ॲलन सुंटर यांनी त्याचे गणित मांडले: प्रत्येक रकाना जुळण्याला आणि न जुळण्याला वेगळे वजन द्यावे, आणि दुर्मीळ गोष्ट जुळली तर वजन जास्त धरावे. ब्रिटनच्या न्याय मंत्रालयात तयार झालेले स्प्लिंक हे विनामूल्य साधन याच पायावर चालते, मात्र त्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागते. आम्ही तोच विचार हाताने राबवतो. उत्तर नागपुरात दोन ओळींत मेश्राम हे आडनाव जुळले तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही, पण एखादे विरळ आडनाव, तेच गाव आणि वयात एका वर्षाचा फरक असे जुळले तर आम्ही फोन करतो. निर्णय दोन माणसांनी स्वतंत्रपणे घ्यायचा, मतभेद झाला तर ओळी वेगळ्याच ठेवायच्या आणि पुढच्या भेटीत विचारायचे. सिकलसेलमध्ये एकाच माणसाच्या दोन ओळी राहिल्या तर एक जादा फोन होतो; दोन माणसांची एक ओळ झाली तर काय होते ते वर लिहिलेच आहे.

साधनाचा पडदा आम्ही इंग्रजीत वापरतो, आणि आमच्या तीन कार्यकर्त्यांपैकी दोघींना पहिला महिना अवघड गेला. पुंजक्याच्या पडद्यावरील चार-पाच शब्द मराठीत लिहून पडद्याच्या कडेला चिकटवल्यावर काम सुरळीत झाले. जुन्या लॅपटॉपवर ते उघडायला वेळ लागतो. पाचपैकी गुण द्यायचे तर मी साडेचार देईन. अर्धा गुण नकार लक्षात न ठेवण्याबद्दल कापला आहे. देवनागरीसाठी उच्चाराची पद्धत नसण्याबद्दल गुण कापलेले नाहीत, कारण ती लिहिण्याचे काम मराठी जाणणाऱ्यांचे आहे, आणि हे साधन ती लिहिण्याची मुभा देते.

मागच्या महिन्यापासून आम्ही शिबिराच्या अर्जावर एक रकाना वाढवला आहे: घरी हाक मारतात ते नाव. कानाच्या रकान्यातून विमल आणि इमल जुळल्या, तेव्हा नोंदवहीत विमल ठेवावे आणि इमल पुसावे असे आधी ठरले होते. पण तिला भेटायला वस्तीत गेलेल्या आशाताईंनी सांगितले की विमल कोण हे तिथे कोणालाच कळले नाही, इमल म्हटल्यावर तीन घरांतून लोक रस्ता दाखवायला आले. आता दोन्ही नावे शेजारीशेजारी राहतात.